पडदा मधोमध कापल्यावर: खेळाच्या कपड्या-बुटांच्या जाहिराती समानता कशी दाखवतात?

मधुरा_संकलन (धागाकर्ती)

नाइकीची ‘यू कान्ट स्टॉप अस’ ही दीड मिनिटाची जाहिरातफिल्म जुलै २०२० च्या अखेरीस आली. जग घरात कोंडलेलं होतं, टोकियो ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेलं होतं, स्टेडियम ओस पडली होती. नवीन चित्रीकरण करणं अवघड, म्हणून फिल्म मुख्यतः जुन्या फुटेजमधून बांधली गेली. पडदा मधोमध उभा कापलेला. डाव्या अर्ध्यात एक खेळाडू, उजव्या अर्ध्यात दुसरा, आणि दोघांची हालचाल मधल्या रेषेवर अशी सांधलेली की क्षणभर ते एकच शरीर वाटतं. ५३ खेळाडू, २४ खेळ, ३६ जोड्या. त्यासाठी ४,००० चित्रफिती धुंडाळल्या, असं कंपनीनं तेव्हा सांगितलं होतं. दिग्दर्शक ऑस्कर हडसन, एजन्सी पोर्टलंडची वायडन अँड केनेडी, निवेदन फुटबॉलपटू मेगन रपिनोचं. पुढच्या वर्षी या फिल्मला सर्वोत्कृष्ट जाहिरातीचं एमी, म्हणजे अमेरिकेतलं टीव्हीचं पारितोषिक, मिळालं.

मी पोटापाण्यासाठी संकलन करते, जाहिरातींचं आणि माहितीपटांचं. या फिल्मविषयी बोलताना लोकांना निवेदनातली वाक्यं आठवतात, कातरकाम कुणालाच आठवत नाही. म्हणून हा धागा.

अशी एक जोडी जमवायची तर दोन्ही शॉटमध्ये कॅमेऱ्याची उंची आणि कोन जवळपास सारखे लागतात. खेळाडू एकाच दिशेनं जाणारे हवेत. नसतील तर एक शॉट आरशातल्यासारखा उलटवायचा. पण मग जर्सीवरचा आकडाही उलटा होतो, तो पुसायचा किंवा तेवढा भाग चौकटीबाहेर ठेवायचा. प्रत्येकाच्या पावलांची लय निराळी, म्हणून एकाचा वेग किंचित वाढवायचा, दुसऱ्याचा उतरवायचा. खांद्याला खांदा, गुडघ्याला गुडघा, क्षितिजाला क्षितिज. शिवाय एक शॉट पंधरा वर्षांपूर्वीच्या टीव्ही प्रक्षेपणातला, दुसरा अगदी अलीकडच्या कॅमेऱ्याचा. दोघांचे रंग आणि दाणा (चित्रातला खरखरीतपणा) जवळ आणायचे. एका जोडीमागे किती दिवस जाऊ शकतात याची मला कल्पना आहे आणि इथे अशा ३६ आहेत.

इतकं सगळं जुळवूनही मधली रेष पुसलेली नाही. ती शेवटपर्यंत दिसत राहते. मला या फिल्ममधला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय हाच वाटतो. संगणकावर दोन देह पूर्ण विरघळवून एक करणं आज काहीच अवघड नाही. पण तसं केलं असतं तर ‘आपण सगळे सारखेच’ असं एक गुळगुळीत चित्र तयार झालं असतं. रेष ठेवल्यामुळे दोन माणसं दोनच राहतात. त्वचा वेगळी, कपडे वेगळे, खेळ वेगळा, मैदान वेगळं. फक्त एका अंगातून सुरू झालेली झेप दुसऱ्या अंगात पुरी होते. समानता म्हणजे सारखेपणा नव्हे, हे आपण भाषणांत शंभरदा ऐकलंय. इथे ते एका शब्दाविना डोळ्यांना कळतं.

याच्या उलट पद्धत तुम्ही रोज बघता. एक कृष्णवर्णीय धावपटू दोन सेकंद, मग हिजाबमधली मुलगी दोन सेकंद, मग कृत्रिम पायावर धावणारा खेळाडू दोन सेकंद, खाली ढोलांचं संगीत आणि शेवटी बोधचिन्ह. हा हजेरीपट आहे. कुणाचा कुणाशी संबंध लागत नाही. वैविध्य दिसतं, पण त्याबद्दल फिल्मला म्हणायचं काहीच नसतं.

दुसरं उदाहरण मला याहूनही आवडतं. २०१४ साली अंडर आर्मरनं ‘आय विल व्हॉट आय वॉन्ट’ या मोहिमेत बॅले नर्तिका मिस्टी कोपलंडवर फिल्म केली. एजन्सी द्रोगा५. आवाज एका लहान मुलीचा. ती एक नकाराचं पत्र वाचून दाखवते: तुझी पावलं योग्य नाहीत, टाचेच्या शिरा योग्य नाहीत, धडाची लांबी योग्य नाही, छाती योग्य नाही, आणि तेराव्या वर्षी तू फारच मोठी झाली आहेस. हे ऐकू येत असताना पडद्यावर मोठी झालेली मिस्टी चवड्यांवर उभी राहते. कॅमेरा पोटरीच्या स्नायूंशी थांबतो, गती मंदावते, मग ती झेप घेते. पत्रात ज्या ज्या अवयवाला नाव ठेवलंय तोच अवयव आपण डोळे भरून पाहतो. ध्वनी आणि चित्र एकमेकांच्या विरोधात उभे केले आहेत, आणि त्या दोघांत खरं कोण हे प्रेक्षकानं स्वतः ठरवायचं. वंश हा विषय पत्रात कुठेच येत नाही. तिथे केवळ मापं आहेत. पण कुणाचं शरीर मोजपट्टी मानलं गेलंय हे कळायला वेळ लागत नाही. पुढच्याच वर्षी, ३० जून २०१५ ला, मिस्टी अमेरिकन बॅले थिएटरची प्रमुख नर्तिका झाली. त्या संस्थेत त्या पदावर पोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

तिसरं, नाइकीचं ‘इक्वॅलिटी’, फेब्रुवारी २०१७, ग्रॅमी सोहळ्याच्या रात्री दाखवलेलं. दिग्दर्शन मेलिना मात्सूकास यांचं. पूर्ण कृष्णधवल. लेब्रॉन जेम्स, सेरेना विल्यम्स, केव्हिन ड्युरंट, गॅबी डग्लस वगैरे मंडळी, मायकल बी. जॉर्डनचा आवाज आणि अलिशिया कीजचं गाणं. मैदानाच्या आत सगळ्यांना एकच नियम, मग बाहेर का नाही, हा त्यातला प्रश्न. आणि त्यासाठी वापरलेली युक्ती: कोर्टावर आखलेली पांढरी रेघ कोर्टाबाहेर पडते आणि वस्तीच्या रस्त्यांवरून पुढे सरकत जाते. रंग काढून टाकल्यामुळे ती पांढरी रेघ चौकटीतली सर्वांत ठळक गोष्ट होते. कृष्णधवलमुळे अमेरिकेतल्या साठच्या दशकातल्या नागरी हक्कांच्या छायाचित्रांचीही आठवण जागी होते. मात्र या फिल्ममध्ये निवेदन फार आहे, असं माझं मत. रेघ जे सांगतेय तेच आवाज पुन्हा सांगतो.

तर माझा मुद्दा असा: जाहिरात समानतेबद्दल काय *म्हणते* यापेक्षा ती कशी *कापलीय* ते बघा. तिथे खरा विचार झालाय की नाही ते कळतं. तुम्हाला आठवणाऱ्या फिल्म सांगा, विरोधातले मुद्देही येऊ द्या.


कृष्णाकाठ

मधुराताई, मिस्टीची फिल्म तुमचं वाचून परत पाहिली. पत्राकडे पहिल्यांदा लक्ष दिलं.

माझ्याकडून ‘दा दा डिंग’. जुलै २०१६, नाइकीनं भारतासाठी केलेली, तीनएक मिनिटांची. दीपिका पदुकोण सगळ्यांना आठवते, पण त्यात हॉकीची राणी रामपाल आहे, स्क्वॉशची जोश्ना चिनप्पा आहे, फुटबॉलची ज्योती अ‍ॅन बरेट आहे, हरमनप्रीत कौर आहे आणि आमच्या सांगलीची स्मृती मानधना आहे. तेव्हा ती नुकती वीस वर्षांची होत होती. महिला क्रिकेटचा सामना टीव्हीवर लागला तर नशीब, अशी तेव्हाची स्थिती. २०१७ ची लॉर्ड्सवरची अंतिम लढत अजून व्हायची होती.

तंत्राचं बोलायचं तर त्यात निवेदन अजिबात नाही. मुलींच्या अडचणी, घरच्यांचा विरोध, चूल, शेजारपाजार, रडणारी आई, यातलं काही नाही. ठोक्यावर कट, ठोक्यावर उडी, ठोक्यावर फटका. भारतातल्या बायकांच्या खेळावर काहीही केलं की आधी अर्धा वेळ तिचं दुःख दाखवायचं हा आपल्याकडचा रिवाज. ती कुणाची परवानगी मागतेय, कुणी देत नाहीये, मग शेवटी बाबा टाळ्या वाजवतात. या फिल्ममध्ये बाबाच नाहीत! मुली खेळताहेत, बस्स. मला तेव्हा ते फार मोकळं वाटलं होतं आणि आजही वाटतं.


काणकोणकार

कृष्णाकाठ, तुमच्या उदाहरणाला जोडून त्याच कंपनीची २००७ सालची क्रिकेटची जाहिरात आठवा. वाहतूक तुंबलेली, आणि पोरं बसच्या टपांवर चढून क्रिकेट खेळताहेत. मागे ‘राव पात्राव राव’, गोव्याच्या गायिका लॉर्ना यांनी गाजवलेल्या ‘बेबदो’ या जुन्या गाण्याच्या चालीवरचं कोकणी गाणं. गोव्यात तेव्हा ती जाहिरात लागली की लोक हातातलं काम सोडून बघायचे, कारण आमचं गाणं देशभरच्या टीव्हीवर वाजत होतं. प्रदेशाच्या, भाषेच्या अंगानं ते वैविध्यच होतं आणि गोवेकरांना त्याचा अभिमान आहे.

पण आज बघताना दुसरंच दिसतं. टपांवर उड्या मारणारे सगळे मुलगेच. गाण्यात आवाज बाईचा आणि खेळात बाई नाही. रस्ता अडला तर त्याचं मैदान करायचा हक्क मुलांचा, हे त्या चित्राला इतकं सहज वाटतं की सांगावंही लागत नाही. २००७ ते २०१६ एवढ्या नऊ वर्षांत तीच कंपनी त्याच देशात ‘दा दा डिंग’पर्यंत आली. दोन्ही लागोपाठ बघावं, शिकण्यासारखं आहे.


अभिजित_ओरेगॉन

मी अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, हिल्सबरोला राहतो. नाइकीचं मुख्यालय शेजारच्या बीव्हर्टनला आहे. इथे ही कंपनी म्हणजे अनेक घरांची रोजीरोटी, तेव्हा तिच्याबद्दल बोलताना मी शब्द जपून वापरतो. तरीही या धाग्यात एक गोष्ट यायलाच हवी.

२४ फेब्रुवारी २०१९, ऑस्करची रात्र. ‘ड्रीम क्रेझिअर’ दाखवली गेली. सेरेनाचा आवाज. १९६७ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये धावलेली स्त्री, हिजाबमधली तलवारबाज, पुरुषांच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये प्रशिक्षक झालेली स्त्री, आणि बाळंतपणानंतर पुन्हा कोर्टावर उतरलेली स्वतः सेरेना. बाईनं काहीही मोठं केलं की तिला वेडी म्हणतात, तर दाखवा त्यांना वेड काय असतं, असा सूर. दिग्दर्शन किम गेरिग यांचं. मीही ती दहा जणांना पाठवली होती.

तीन महिन्यांच्या आत, मे २०१९ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्समध्ये ८०० मीटर धावणारी अलिशिया मॉन्टानो बोलली आणि पाठोपाठ अ‍ॅलिसन फेलिक्सनं लिहिलं. फेलिक्स, तेव्हा सहा ऑलिम्पिक सुवर्णपदकांची मानकरी. कंपनीशी नव्या कराराची बोलणी चालू असताना तिला आधीपेक्षा ७० टक्के कमी रक्कम देऊ केली गेली होती. तिनं मागितलं इतकंच की बाळंतपणाच्या आधी-नंतरच्या महिन्यांत कामगिरी खालावली तर दंड होणार नाही हे करारात लिहा. ते मान्य झालं नाही. मुलींना सक्षम करण्याच्या मोहिमांत जिचा चेहरा वापरला तिच्याशी हा व्यवहार.

म्हणून मधुराताई, ‘कशी कापलीय ते बघा’ हे मला अपुरं वाटतं. कापणारा माणूस प्रामाणिक असेल. पण कापून जे बाहेर टाकलं जातं ते टेबलावर कधी आलेलंच नसतं, ते करारांच्या फायलीत असतं. बाळासह परतलेल्या सेरेनाच्या शॉटला आपले डोळे भरून आले, आणि त्याच वेळी दुसऱ्या एका आईचं मानधन कापण्याची बोलणी चालू होती. जितकी फिल्म सुंदर तितका हा विरोध मला जास्त बोचतो.


विजया_क

अभिजित यांच्याशी पूर्ण सहमत, आणि हे २०१९ मध्ये सुरू झालेलं नाही. १९९५ साली याच कंपनीची ‘इफ यू लेट मी प्ले’ आली होती. झोक्यावर, मैदानावर छोट्या मुली सरळ कॅमेऱ्यात बघून एकेक वाक्य बोलतात: मला खेळू दिलंत तर मला मी जास्त आवडेन, तर मला स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता कमी राहील, तर मारहाण करणाऱ्या पुरुषाला मी सोडून जाऊ शकेन. आठ-दहा वर्षांच्या तोंडी चाळिशीतली वाक्यं. फार परिणामकारक आहे, मी आजही विद्यार्थ्यांना दाखवते.

आणि जून १९९६ मध्ये ‘लाइफ’ मासिकात सियालकोटच्या मुलाचं छायाचित्र आलं, नाइकीचं चिन्ह असलेला फुटबॉल शिवताना. म्हणजे एका खंडातली मुलं ‘मला खेळू द्या’ म्हणत होती आणि दुसऱ्या खंडातलं मूल त्यांच्यासाठी चेंडू शिवत होतं. इंडोनेशिया, व्हिएतनाममधल्या बूट कारखान्यांत राबणाऱ्याही बहुतांश तरुण मुलीच. मे १९९८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये खुद्द कंपनीचे प्रमुख फिल नाइट यांना जाहीरपणे म्हणावं लागलं की आमचं उत्पादन गुलामीची मजुरी, सक्तीचा जादा वेळ आणि मनमानी छळ यांच्याशी समानार्थी झालं आहे. त्यानंतर किमान वय वाढवणं, बाहेरच्या तपासण्या, अशा सुधारणा जाहीर झाल्या.

समानतेच्या कोणत्याही जाहिरातफिल्ममध्ये शिवणाऱ्या हातांचा क्लोजअप मी अजून पाहिलेला नाही. वितळत्या रबराचा, धाग्याचा, बुटाच्या तळव्याचा क्लोजअप भरपूर असतो, पण हात मात्र नसतात.


मधुरा_संकलन

अभिजितदादा, विजयाताई, दोघांचं म्हणणं मला पटतं आणि ते या धाग्यात आल्याचं समाधान आहे. एक गोष्ट मात्र पुढे न्यावीशी वाटते.

मॉन्टानोचा तो न्यूयॉर्क टाइम्सचा व्हिडिओ कुणी पाहिला नसेल तर बघा. तो साधा मुलाखतीचा व्हिडिओ नाही. तो नाइकीच्याच जाहिरातीच्या ढंगात केलेला आहे. तशीच वाक्यरचना, तोच आवेश, तेच ‘वेड’, आणि मग निवेदन वळण घेतं: खेळाडू आणि आई दोन्ही व्हायचं म्हणता? ते खरोखरच वेडेपणाचं आहे, कारण कंपनी पैसे थांबवेल. चित्रभाषा कंपनीनं घडवली आणि खेळाडूंनी ती तिच्यावर उलटवली. त्या भाषेनं लोकांच्या मनात इतकी जागा केलेली होती म्हणूनच ते जमलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीला धोरण बदलावं लागलं. गरोदरपणाच्या कारणानं १८ महिने मानधन कापायचं नाही, हे करारांत आलं. दुसऱ्या काही कंपन्यांनीही तशी हमी दिली.

म्हणून मी असं म्हणेन की जाहिरातीनं पडद्यावर दिलेलं वचन कंपनीच्या नावावर उधारी म्हणून राहतं आणि खेळाडू ती वसूल करू शकतात. फेलिक्सनं तर पुढे स्वतःची बूटकंपनी काढली, सेश नावाची, आणि २०२१ ला टोकियोत स्वतःच्या बुटांत धावून ४०० मीटरचं कांस्य आणि रिलेचं सुवर्ण मिळवलं.

शिवणाऱ्या हातांबद्दल विजयाताई, माझ्याकडे उत्तर नाही. तुमचं निरीक्षण मी कामाच्या ठिकाणी सांगणार आहे.


तिरपा_कोन

तंत्राकडे परत येतो. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळची नाइकीची ‘फाइंड युअर ग्रेटनेस’ मालिका. अधिकृत प्रायोजक अदिदास असल्यामुळे त्यांनी जगभरातली ‘लंडन’ नावाची इतर गावं शोधली. त्यातली एक फिल्म ओहायोमधल्या लंडनची. पहाटेचा मोकळा रस्ता, दूरवर एक ठिपका. एकच सलग शॉट, एकही कट नाही. ठिपका जवळ येत जातो आणि कळतं की बारा वर्षांचा एक लठ्ठ मुलगा धापा टाकत पळतोय. कॅमेरा त्याच्यासमोर मागे मागे सरकतो. निवेदन सांगतं की थोरवी ही काही निवडक लोकांची मिरास नाही.

मला ही फिल्म खेळाच्या जाहिरातींमधली सर्वांत धाडसी वाटते, कारण त्या मुलाला कटनं मदत केलेली नाही. कट असते तर तो वेगवान दिसला असता. सलग शॉटमध्ये त्याचं प्रत्येक पाऊल त्याला स्वतः टाकावं लागतं आणि आपल्याला तितका वेळ त्याच्यासोबत थांबावं लागतं.


शर्वरी_ब

तिरपा_कोन, मला त्याच फिल्मबद्दल वेगळं वाटतं. मी लहानपणापासून जाड आहे, खेळातही होते. कॅमेरा सतत समोरून, अंग हलताना, श्वास लागलेला, आणि प्रेक्षक दुरून बघणार. त्यात त्याच्या चेहऱ्यावर कुठे आनंद नाही. जाड माणसानं पळायचं ते प्रायश्चित्तासारखं, हीच समजूत पुन्हा दृढ होते. मिस्टीचं शरीर कॅमेरा कौतुकानं बघतो, या मुलाचं शरीर कॅमेरा कष्ट म्हणून बघतो. असं का?

याउलट जानेवारी २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये आलेली ‘धिस गर्ल कॅन’. कपड्यांच्या कंपनीची नाही, स्पोर्ट इंग्लंड या सार्वजनिक संस्थेची. दिग्दर्शन पुन्हा किम गेरिग यांचंच, वर अभिजित यांनी सांगितलेल्या फिल्मच्या चार वर्षं आधी. त्यात सगळ्या मापांच्या बायका आहेत, घाम आहे, हलणारी मांडी आहे, लाल झालेला चेहरा आहे आणि त्या मजेत आहेत! कॅमेरा जवळ आहे, त्यांच्यातलाच एक झाल्यासारखा. त्या खेळाडू नाहीत, मॉडेल नाहीत. बुटांच्या जाहिरातींना हे जमायला पुढे बराच काळ लागला, आणि अजूनही पूर्ण जमलंय असं मी म्हणणार नाही.


तिरपा_कोन

शर्वरी, समोरून घेतलेल्या कोनाचा मी असा विचार केला नव्हता. तरी सलग शॉटचं धाडस मला मोलाचं वाटतं, तेवढं माझं मत कायम ठेवतो.


लीड्सहून_रेवती

इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर २०२३ चा महिला विश्वचषक. इंग्लंडची गोलरक्षक मेरी अर्प्स. अंतिम सामन्यात स्पेनची पेनल्टी तिनं अडवली, स्पर्धेतली सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून गोल्डन ग्लव्ह मिळवला. आणि तिच्या गोलरक्षकाच्या जर्सीची प्रत दुकानात विकतच मिळत नव्हती. बाकीच्या खेळाडूंची होती, गोलरक्षकाची नाइकीनं काढलीच नव्हती. तिनं ते उघडपणे बोलून दाखवलं, दीड लाखाहून जास्त लोकांनी याचिकेवर सह्या केल्या, तेव्हा कुठे मर्यादित संख्येनं काढल्या आणि त्या हातोहात संपल्या. माझी पुतणी शाळेच्या संघात गोलमध्ये उभी राहते. तिला पडद्यावरच्या कुठल्याही फिल्मपेक्षा ती जर्सी हवी होती.

त्याच उन्हाळ्यात फ्रान्समध्ये ऑरेंज या दूरसंचार कंपनीनं केलेली जाहिरात तंत्र म्हणून थक्क करणारी आहे. कपड्यांची नाही, तरी सांगते. सुरुवातीला एम्बापे, ग्रिझमान वगैरे पुरुष संघाचे जादुई गोल आणि ड्रिबल. तुम्ही वाहवा करता. मग फिल्म मागे फिरते आणि दाखवते की खेळणाऱ्या सगळ्या फ्रान्सच्या महिला संघातल्या होत्या, संगणकावर त्यांच्या अंगावर पुरुषांचे चेहरे बसवले होते. तुम्ही दाद देऊन बसलेले असता, ती परत घेता येत नाही. बायकांचं फुटबॉल संथ असतं म्हणणाऱ्या माझ्या दिरांना ती दाखवली. ते बराच वेळ गप्प होते आणि मग त्यांनी फ्रान्सचा पुढचा सामना कधी आहे ते विचारलं.


मधुरा_संकलन

रेवती, चेहरा बदलण्याच्या या तंत्राची एक पणजी आहे. २००४ साली अदिदासच्या ‘इम्पॉसिबल इज नथिंग’मध्ये लैला अली तिच्या वडिलांशी, तरुण मुहम्मद अलींशी, रिंगमध्ये लढते. जुन्या लढतीच्या चित्रफितीत तिला बेमालूम मिसळलं होतं. वडिलांच्या काळात बाईला त्या रिंगणात जागाच नव्हती. संगणकानं तिला तिथे नेऊन उभं केलं, आणि ती बघ्यांत नाही, समोरासमोर प्रतिस्पर्धी म्हणून. ऑरेंजच्या फिल्ममध्ये बाई दिसेनाशी करून मग उघड केली, अदिदासच्या फिल्ममध्ये ती जिथे नव्हती तिथे तिला आणलं.


दहिवडीचा_सर

धागा सुरुवातीपासून वाचतोय. मी माण भागात मुलींचा धावण्याचा सराव घेतो. आमच्याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, दहावी आली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय महिला. आमच्या मुलींना हे तोंडपाठ आहे. पण त्या मोबाइलवर ज्या जाहिराती बघतात त्यातल्या धावणाऱ्या मुली शहरातल्या उड्डाणपुलांवर, समुद्राकाठी, जिममध्ये धावतात. खडीच्या रस्त्यावर, कुसळाच्या माळावर धावणारी, केसांना तेल लावून दोन वेण्या घातलेली मुलगी त्यांना तिथे सापडत नाही. वंश, वर्ण, लिंग याबद्दल या फिल्म बोलतात ते चांगलंच आहे. आपल्याकडे गाव, जात आणि पाण्याचा हंडा हेही बोलावं लागेल. सकाळी पाणी भरून झाल्याशिवाय आमच्या काही मुली सरावाला येऊ शकत नाहीत.

मधुराताईंना विचारायचं आहे: मुलींना यातली एकच फिल्म दाखवायची असेल तर कुठली दाखवू? इंग्रजी त्यांना फारसं समजत नाही.


कृष्णाकाठ

सर, ‘दा दा डिंग’ दाखवा. भाषेची अडचणच नाही.


मधुरा_संकलन

सर, कृष्णाकाठ म्हणतात ते ठीक आहे, शेवटी तीही दाखवा. पण एकच म्हणालात तर मिस्टीची. आधी आवाज बंद करून दाखवा आणि मुलींना विचारा, हिच्या पायांबद्दल काय वाटलं. त्यांना बोलू द्या, त्या स्वतः धावतात, पोटरीबद्दल त्यांना आपल्याहून जास्त कळतं. मग त्या पत्राचा मराठी मजकूर एखादीला मोठ्यानं वाचायला सांगा, चित्र न दाखवता. मी आज रात्री भाषांतर करून तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते. आणि मग चित्र चालू असताना तीच मुलगी पुन्हा वाचेल. इंग्रजी निवेदनाची गरजच पडणार नाही, आणि तुमच्या मुलीचा आवाज त्या चित्रावर येईल.

जमलं तर पुढच्या आठवड्यात त्यांना स्वतः करू द्या. फोन एका जागी पक्का ठेवायचा, दोन मुलींनी एकीनंतर एक त्याच रेषेवरून धावायचं, आणि दोन चित्रफिती अर्ध्या अर्ध्या शेजारी लावायच्या. फोनवरच्या फुकट संकलनाच्या अ‍ॅपमध्ये हे होतं. पाणी भरून येणारी एक आणि घरून थेट येणारी एक, अशी जोडी घेतलीत तर फारच छान.


दहिवडीचा_सर

शनिवारी दुपारी शाळेचा प्रोजेक्टर मोकळा असतो, तेव्हा दाखवतो. फोन ठेवायला तिपाई नाही, व्यासपीठाच्या कडेवर विटांच्या आधारानं ठेवला तर चालेल ना? आणि सकाळी घ्यावं की संध्याकाळी?


मधुरा_संकलन

विटा उत्तम. फक्त दोन्ही वेळा वीट हलू देऊ नका, खडूनं खूण करून ठेवा. वेळ एकच ठेवा म्हणजे सावल्या जुळतील. सकाळीच घ्या, आणि पाणी भरणारी मुलगी येईपर्यंत थांबून मग दोघींचं घ्या.